शब्द तुमचे, नाव माझं

हुसेनभाई,

तुम्ही गेलात ते मला चौथ्या दिवशी कळलं. तापाच्या साथीत आमच्याही घरात तिघं अंथरुणाला खिळलेले, त्यात मी एक. शेजारच्या नानांनी खिडकीतूनच सांगितलं, "मास्तर, तुमचे ते पुस्तकं बांधणारे गेले म्हणे." मला अंथरुणातून उठताही येत नव्हतं. गावानं त्या आठवड्यात इतकी माणसं पोचवली होती की नानांना ती बातमी सांगताना आवाजसुद्धा बदलावा लागला नाही. नऊ वर्षं ज्या माणसाच्या सोप्यात माझ्या संध्याकाळी गेल्या, त्याच्यावर मूठभर माती टाकायला मी नव्हतो.

आज दीड महिना झाला. शाळा पुन्हा सुरू झाली आहे. मुलं कमी आली आहेत. हजेरी घेताना काही नावांपाशी मी थांबतो आणि मग पुढचं नाव घेतो. शाळा उघडली त्या दिवशी सुटल्यावर पाय सवयीनं तुमच्या गल्लीकडं वळले, आणि कोपऱ्यावर आल्यावर मला आठवलं.

तुमची माझी ओळख शाळेच्या इंग्रजी शब्दकोशामुळं झाली. त्याची पाठ निसटली होती, पानं सुटी झाली होती. हेडमास्तरांनी तो कापडात गुंडाळून माझ्या हाती दिला आणि तुमचा पत्ता सांगितला. तुम्ही सोप्यात, दारापुढच्या ओसरीवर, पाय दुमडून बसला होता, समोर खळीचं भांडं, मोरचूद घातल्यामुळं निळसर दिसणारी खळ, मांडीवर उघडं पुस्तक, हातात दाभण. आठ दिवसांनी कोश न्यायला आलो तर तुम्ही तो लगेच दिला नाहीत.

"मास्तर, एक इचारू? ह्यात जागोजाग एकच खूण हाय. शब्दाच्या म्होरं दोनच अक्षरं. काय हाय त्ये?"

तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण पुस्तकाच्या पाठीवर नाव ठोकायचे पितळी खिळे तुमच्याकडं होते, आणि खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात. त्यामुळं साऱ्या इंग्रजी अक्षरांची तुमची ओळख पाठमोरी झाली होती. तुम्ही दोन खिळे उचलून माझ्यासमोर धरलेत. मी पाहिलं आणि म्हणालो, ती 'अरबी'ची खूण. हा शब्द अरबीतून आला, असं सांगणारी.

तुम्ही दाभण खाली ठेवलीत. "इंग्रजीच्या पुस्तकात अरबी? वाचा की एक."

मी पान उलटलं. अ‍ॅडमिरल. म्हणजे आरमाराचा सेनापती, मी सांगितलं. तुम्ही डोळे मिटून तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवलात आणि एकदम मांडीवर थाप मारलीत. "अमीर-अल-बहर! दर्याचा सरदार. मास्तर, ह्यांनी सरदार उचलला आन दर्या मागंच ठिवला की!"

आतल्या पडद्यामागून कुणीतरी हसलं. भाभींचं हसू मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मी दहा वर्षं इंग्रजी शिकवत होतो. कोशातली ती दोन अक्षरं मी शेकडो वेळा पाहिली असतील. पण त्यांच्यामागं एखादा माणूस उभा असतो, जहाजावर, बाजारात, सुताराच्या नाहीतर हकिमाच्या दुकानात, हे मला तुमच्या सोप्यात कळलं. कोश फक्त 'अरबी' म्हणून गप्प बसे. पुढचं तुम्ही, लहानपणी मशिदीत शिकलेल्या अरबीच्या आधारानं, सांगायचात. कॉटन म्हणजे कुत्न, कापूस. भाभी कबनूरच्या, माग असलेल्या घरातल्या. त्या आतून सांगायच्या की आजोबांकडं येणारा एक जुना व्यापारी कापसाला तसंच काहीतरी म्हणायचा. मॅगझिन म्हणजे मखझन, कोठार. मी म्हणालो, मासिकाला कोठार कशाला म्हणतील? तुम्ही माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलंत. "दारूगोळा ठिवला तर दारूगोळ्याचं कोठार, गोष्टी ठिवल्या तर गोष्टींचं. त्यात काय अवघड हाय?"

मग मीही रिकाम्या हातानं येईनासा झालो. मुंगूस मी आणला होता, आठवतं? इंग्रजांच्या देशात मुंगूस नाही, म्हणून त्यांनी त्याचं नाव आपल्याकडून नेलं, आणि मुंगसाचं मुंगूसच राहिलं, फक्त साहेबी थाटात. तुम्ही इतके हसलात की खळीचा हात दाढीला लागला. खडीसाखरेतला 'खंड' फारशीत गेला, अरबीत गेला, समुद्र ओलांडून फ्रेंचांच्या देशात गेला आणि कँडी होऊन साहेबाच्या पोरांच्या तोंडात पडला, हे आपण दोघांनी मिळून जुळवलं. अर्धा रस्ता माझा, अर्धा तुमचा. त्या दिवशी भाभींनी पडद्याखालून खडीसाखरेची वाटी पुढं सरकवली होती.

ती मी खाल्ली. पण चहाला दोन वर्षं लागली.

आमच्या आळीत तेव्हा कोण कुणाच्या हातचं पाणी पितो यावर पहारा असे. सगळ्यांनी एका पंगतीला बसावं असं आमच्या संस्थानाचे महाराज म्हणत, ते आमच्याकडं कपाळाला आठी घालून ऐकलं जाई. तुम्ही रोज विचारायचात, मी रोज काहीतरी सबब सांगायचो. आज पोट बरं नाही. आता घरूनच पिऊन आलो. तुम्हाला कळत होतं आणि तुम्ही कधी कळल्याचं दाखवलं नाही. एक दिवस तुम्ही म्हणालात, "चहा ह्यो शब्द कुठला, मास्तर?" मी कोश पाहून सांगितलं, चीनचा. "आन साहेबाचा टी?" तोही चीनचाच, दुसऱ्या बंदरावरचा. तुम्ही कप माझ्यापुढं सरकवलात. "म्हंजे माझा न्हाय, तुमचा न्हाय, साहेबाचाबी न्हाय. मग प्यायला कशाला लाजताय?"

मी प्यालो. घरी आईला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तुमच्या सोप्यात मी पाहुणा राहिलो नाही.

हातकणंगल्याला आपण तुमच्या मामेभावाच्या लग्नाला गेलो होतो, तेव्हा स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसलो होतो. तिथं एक हमाल गुळाची गोणी पाठीवर घेऊन चालला होता. मी तुम्हाला सांगत होतो की इंग्रजीत तागाच्या पोत्याला गनी म्हणतात. हमालानं गोणी धाडकन खाली टाकली. "व्हय पावणं, आमचा साहेब गनीच म्हणतो. त्येला गोणी म्हणायला जमंना, म्हणून आमीबी आता गनीच म्हणतो." तुम्ही त्याच्यासाठी विडी काढलीत आणि मला म्हणालात, "बघा मास्तर, तुमचा कोश हितं हिंडतोय, अनवाणी."

एक वाद तेवढा राहून गेला. इंग्रजी सोफा अरबी सुफ्फातून आला, हे कोशात होतं. तुमचं म्हणणं, ज्या सोप्यात आपण बसलोय तोही तिथूनच आला. मी म्हणायचो, नुसत्या ध्वनीवरून ठरवू नये, पुरावा हवा. तुम्ही जमिनीवर हात आपटायचात. "पुरावा ह्यो काय! दाराच्या म्होरची बसायची जागा. तिथंबी तीच, हितंबी तीच." मी जुन्या कागदांत शोधतो म्हणालो होतो. शोधलं नाही. आता वाटतं, तेव्हाच हो म्हणायला हवं होतं. पण तुम्हाला नुसतं हो आवडलं नसतं. तुम्हाला भांडून मिळालेलं हवं असायचं.

आता ते सांगतो, जे आपण दोघंही कधी बोललो नाही.

वाचनालयानं मला व्याख्यानाला बोलावलं. विषय मीच दिला: इंग्रजी शब्दांची कुळकथा. महिनाभर मी तुमच्या सोप्यात बसून टिपणं काढली. तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून शब्द सांगत होता. कुठला आधी घ्यावा, कुठल्यावर लोक हसतील, हेसुद्धा तुम्हीच ठरवलंत. "दर्या मागं ठिवला हे इसरू नका, मास्तर. तितं समदी हसत्याल." त्या दिवशी तुम्ही धुतलेली शेरवानी घालून आलात. सगळ्यात मागच्या बाकावर, दाराजवळ बसलात.

मी कागदावर तुमचं नाव लिहिलं होतं. पहिल्याच पानावर, सुरुवातीला. खरं सांगतो. उभा राहिलो, समोर वकील, दरबारचे अधिकारी, माझे हेडमास्तर, अध्यक्षांच्या खुर्चीत कॉलेजातले साहेब. वाटलं, पहिल्याच वाक्यात पुस्तकं बांधणाऱ्याचं नाव घेतलं तर हे हसतील. नंतर घेऊ. मधे घेऊ. शेवटी घेऊ. मी टॅरिफ, म्हणजे दरपत्रक, हा शब्द तारीफवरून आल्याचं सांगितलं, तुमच्याच वाक्यात: तारीफ म्हणजे आधी स्तुती नव्हे, तारीफ म्हणजे ओळख करून देणं, हा कोण, कुठला. सभा वाहवा म्हणाली. ते वाक्य बोलतानासुद्धा मी तुमची ओळख करून दिली नाही.

शेवटी साहेबांनी विचारलं, अरबी तुम्ही कुठं शिकलात? तेव्हा तरी नाव घ्यायचं.

"थोडंफार वाचन आहे, सर," मी म्हणालो.

टाळ्या झाल्या. बाहेर पडलो तर तुम्ही दारात उभे होता. माझी नजर वर होईना. तुम्ही म्हणालात, "समदी हसली की, मास्तर. दर्याच्या वक्ताला." आणि माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आलात.

त्यानंतर तुम्ही तसेच होता. चहा तसाच येत होता, विचारपूस तशीच होती. फक्त शब्द आटले. मी कोश उघडून एखादा शब्द काढला की तुम्ही दोऱ्याला मेण लावत म्हणायचात, "न्हाय सुचत आता. वय झालं." तुमचं वय झालं नव्हतं. मला ते समजत होतं, आणि मी रोज ठरवायचो की आज विषय काढू.

त्याउलट मी काय केलं? वाचनालयानं व्याख्यानाची पुस्तिका छापली, तिच्या काही प्रती पाहुण्यांना द्यायला पक्क्या बांधायच्या होत्या, आणि त्या मी तुमच्याकडं घेऊन आलो. दुसरीकडं नेल्या असत्या तर तुम्हाला वाईट वाटलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. तुम्ही त्या इतक्या सुरेख बांधल्यात की हेडमास्तर हात फिरवत राहिले. पाठीवर सोनेरी अक्षरांत माझं नाव होतं. ते एकेक उलटं अक्षर निवडून, तापवून, तुम्ही तुमच्या हातानं ठोकलं होतं. एकही अक्षर वाकडं नव्हतं.

शेवटचं भेटलो तेव्हा गावात साथ शिरली होती, शाळा बंद करायची धावपळ चालली होती. मी हजेरीपटाचे कागद द्यायला आलो होतो. तुम्ही खोकत होता. "बसा की जरा, मास्तर." मी म्हणालो, आज घाईत आहे, उद्या बसतो.

उठायला यायला लागल्यावर मी आधी तुमच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत, नवरा गेल्यावर घराबाहेर न पडण्याच्या मुदतीत, पडद्यापलीकडं. कबनूरचे त्यांचे भाऊ सोप्यात बसले होते. तुमची हत्यारं कापडात बांधून कोपऱ्यात ठेवलेली. मी त्या गाठोड्याकडं बघत बसलो. मग भाभीच बोलल्या.

"मास्तर, तुमचं लई उपकार हायत. तुमी त्यांचं नाव घेतलंत."

मला समजेना. त्या सांगत होत्या, "व्याख्यान झालं त्या दिवशी घरी आले आन म्हणाले, मास्तरांनी समद्या सभेत माझं नाव घेतलं. साहेबानं इचारलं अरबी कुठं शिकला, तर म्हणाले, हुसेनभाईंनी शिकवलं. लोकांनी माझ्याकडं वळून बघितलं, म्हणाले. मी गल्लीत गूळ वाटला मास्तर त्या दिवशी."

हुसेनभाई, मी भिंतीकडं पाहत होतो. पडद्याखालून एक हात पुढं आला आणि पुस्तिका माझ्यापुढं ठेवली गेली. एक प्रत तुम्ही तुमच्यासाठी बांधून ठेवली होती, साध्या कापडात, पाठीवर काही न ठोकता.

"मला वाचाय येत न्हाय," भाभी म्हणाल्या. "ह्यात त्यांचं नाव कुठं हाय तेवढं दावा. बोट ठिवून बघते."

मी पानं उलटली. जे नाही ते शोधत असल्यासारखं केलं. मग म्हणालो, "छापताना राहून गेलंय, भाभी."

ते दुसरं खोटं. तुम्ही गेल्यावरचं.

भावांनी मान खाली घातली, त्यांना काय वाटलं ते त्यांनाच ठाऊक. भाभी म्हणाल्या, "व्हय का? राहतं असं." मी उठलो तोवर ठरवून झालं होतं. म्हणालो, वाचनालयात पुन्हा बोलणार आहे, हुसेनभाईंवरच. त्यांचं पूर्ण नाव सांगा. वडलांचं नाव काय?

पडद्यामागून आलं, "नऊ वर्सं बसत हुता की ह्या सोप्यात. कधी इचारलं न्हाय?"

"नाही," मी म्हणालो.

"इब्राहिम," त्या म्हणाल्या. "मला तर येता यायचं न्हाय. भाऊ यील. ऐकून मला सांगंल."

चिटणीस कुरकुरले, साथीतून गाव आत्ता कुठं उठतंय म्हणाले. पण काल संध्याकाळी पाऊण तास मिळाला. पंधरा-वीस माणसं असतील. मी पहिल्या वाक्यात तुमचं नाव घेतलं. हुसेन इब्राहिम. मग तुमचे सगळे शब्द सांगितले, तुम्ही सांगायचात तसेच, आणि प्रत्येकाच्या आधी म्हटलं की हे हुसेनभाईंचं. बोलता बोलता मला भान राहिलं नाही. हुसेनभाई म्हणतात, हुसेनभाई सांगतात, असंच बोलत गेलो. लोक हसले, खुलले. मला वाटलं, झालं. फिटलं.

मग कळंब्याहून भाजी घेऊन येणारे एक गृहस्थ, वर्तमानपत्र वाचायला रोज येतात ते, मधल्या बाकावरून उठले.

"मास्तर, असा माणूस आपल्या गावात हाय, मग तुमी कशाला बोलताय? त्येलाच उभा करा की हितं. आमी त्येच्या तोंडनं ऐकू."

मी म्हणालो, "ते गेले. ह्याच साथीत."

"अरारा. मग आधी का न्हाय बोलावलं?"

त्यांनी ते दुखवायला विचारलं नव्हतं. सरळ विचारलं होतं. मागच्या बाकावर भाभींचे भाऊ बसले होते, माझ्याकडं बघत. मला अजूनही काहीतरी सांगून सुटता आलं असतं. पण मी सांगितलं. आधीचं व्याख्यान, कागदावर लिहिलेलं आणि न वाचलेलं नाव, साहेबांना दिलेलं उत्तर, पुस्तिका, सगळं. हेडमास्तर समोरच होते. कळंब्याचे गृहस्थ उभे होते ते हळूच खाली बसले. चिटणिसांनी आभार मानले नाहीत, नुसतं म्हणाले, सभा संपली.

दारात भाभींचे भाऊ भेटले. वहाणा घालत म्हणाले, "मास्तर, भनीला समदं सांगू, का निम्मं?"

"थांबा," मी म्हणालो. "मीच येतो."

त्यांच्याबरोबर तसाच गेलो. सोप्यात बसलो आणि पडद्याकडं तोंड करून मी सगळं पुन्हा सांगितलं, न थांबता. छापताना राहून गेलं म्हणालो तेही. झाल्यावर म्हणालो, भाभी, मला माफ करा. मला वाटलं त्या रडतील, किंवा चालते व्हा म्हणतील. दोन्हीला मी तयार होतो.

मग त्या बोलल्या. आवाज शांत होता.

"बावीस वर्सं संसार केला मास्तर, त्यो माणूस माझ्याशी कधी खोटं न्हाय बोलला. एकदाच बोलले. त्येबी तुमच्यापायी."

हुसेनभाई, मी उठून घरी आलो.